वाघमारे सिस्टरांचा लेंगा

आमच्या हॉस्पिटलात पहिल्यांदा येणारा प्रत्येक पेशंट वाघमारे सिस्टरांसमोर वाकायचा. आदरानं वगैरे नव्हे. त्यांचं टेबल जिन्याखाली होतं आणि जो वाकणार नाही त्याच्या कपाळावर पायरी आपटायची. भिंतीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती, पण कक्ष म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, तीन स्टुलं, एक लोखंडी कपाट आणि वर जिना. सिस्टर स्वतः जेमतेम पावणेपाच फूट. "ही जागा माझ्या मापानं शिवून घेतलीय," असं त्या म्हणायच्या. कुणाला लागलंच तर आधी त्याचं कपाळ चोळायच्या, मग हात हातात घेऊन ठोके मोजायच्या आणि तिथूनच बोलायला सुरुवात करायच्या.

उल्हासनगरातलं आमचं हॉस्पिटल तसं लहानच. खाली ओपीडी, वर वॉर्ड, त्याच्यावर अँजिओग्राफीची लॅब. सिस्टरांची सगळी नोकरी वॉर्डात गेली. मग गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्यांना जिन्याखाली बसवलं. ज्याला अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी सांगितली असेल त्याला आधी सगळं नीट समजावायचं, आणि घरी गेल्यावर काय खायचं, काय नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. मी तिथं आहारतज्ज्ञ म्हणून लागले तेव्हा मला देण्यासारखं टेबल हॉस्पिटलात शिल्लक नव्हतं. म्हणून सिस्टरांच्या तीन स्टुलांपैकी एक माझ्या वाट्याला आलं, आणि पहिल्या आठवड्यात जिन्यानं मला तीनदा प्रसाद दिला.

मी बदलापूरच्या कात्रपहून यायची. नवी नोकरी, नवी पदवी, त्यामुळे अंगात भलताच उत्साह. मी एक सुंदर रंगीत तक्ता छापून आणला होता. सिस्टरांनी चष्मा नाकावर ओढून तो वाचला. "ऑलिव्ह ऑइल. ओट्स. ब्रोकोली. अक्रोड." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "डाएट मॅडम, हे कुठल्या गावाला पाठवायचंय?"

त्यांनी अंबाड्यात खोचलेलं बॉलपेन काढलं आणि तक्त्यावरच लिहायला घेतलं. नाचणी, कुळीथ, मूग, ज्वारीची भाकरी, शेवग्याची पानं, आणि चामटोलीच्या बायका बदलापूर स्टेशनबाहेर टोपल्या मांडून बसतात त्यांच्याकडची कुठलीही पालेभाजी. खाली माझ्या तक्त्यातली एकच ओळ अधोरेखित केली, 'तेल माणशी दिवसाला तीन छोटे चमचे'. मला वाटलं, एवढं तरी माझंच राहिलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि हा चमचा कुणाचा?"

ह्या प्रश्नाचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. सिस्टर पेशंटला सांगायच्या, "परवा येताना घरातला तेलाचा चमचा आणा. आणि चमचा जिच्या हातात असतो तिलाही आणा. तुम्ही नाही आलात तरी चालेल." मग पिशव्यांतून, पदराखालून चमचे बाहेर पडायचे. कुणाचा पोह्यांचा, कुणाचा भाताचा. अंबरनाथच्या एका बाईंनी तर पळीच आणली आणि ठामपणे सांगितलं, "तीनच घालते हो, एक थेंब जास्त नाही." सिस्टरांनी पळीभर पाणी औषधाच्या मापात ओतलं. माप भरलं, पुन्हा भरलं, आणि आणखी कितीदा भरलं ते बाई तोंडावर पदर धरून बघत राहिल्या. सिस्टर त्यांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. कपाटातून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं धुतलेलं झाकण काढून त्यांच्या हातात दिलं आणि ह्यातल्या खालच्या रेघेपर्यंत मोजा म्हणाल्या. अशी झाकणं त्या वॉर्डातून गोळा करायच्या. त्यांच्या कपाटात खाऊच्या डब्यासारखा झाकणांचा डबा होता.

स्वतःच्या खाण्याबाबत त्या मुळीच सोवळ्या नव्हत्या. गुरुवारी समोरच्या गाडीवरचा एक बटाटावडा, पावाशिवाय, त्या टेबलावर पेशंटसमोर बसून खायच्या. मी पहिल्यांदा शरमून कागद आडवा धरायला गेले. "काढ तो कागद," त्या म्हणाल्या. "लपून खाल्लं की दोन खाल्ले जातात." मी तेव्हा रोज हॉस्पिटलमागे उभी राहून वडापाव खायची. दोनच खायची. त्यांना ते कसं कळलं, मी कधी विचारलं नाही.

पण सिस्टरांचं खरं शस्त्र होतं लेंगा. पांढऱ्यावर निळे पट्टे, गुडघ्यांवर विरलेला, नाडा काढून ठेवलेला. घाबरून गळाठलेला माणूस समोर बसला की त्या कपाटातून तो काढून टेबलावर पसरायच्या. माणूस आणखीच गोंधळायचा.

"लेंग्याचा नाडा निघाला तर काय करता? सगळा नेफा उसवता?"

"नाही. पिन लावून सरकवतो."

"कापड फाटतं?"

"कशाला फाटेल?"

"झालं तर मग. डॉक्टर वर हेच करतात. मनगटाशी एवढंसं भोक पाडायचं, त्यातून बारीक नळी सरकवत हृदयापर्यंत न्यायची, औषध सोडायचं आणि कुठं अडलंय ते पडद्यावर बघायचं. छाती कुणी उघडत नाही. मनगट बधिर करतात, तुम्ही जागे असता, डॉक्टरांशी गप्पा मारू शकता. मारू नका मात्र, ते फार बोलतात."

अर्धं गाव शिलाईवर जगणारं. लेंग्याचा नेफा सगळ्यांना कळायचा. पेशंटला त्या स्वतःच्या हातानं नाडा घालायला लावायच्या. मधे नेफा टाके घालून मुद्दाम आवळलेला असायचा, तिथं पिन अडायची. मग सिस्टर टाके उसवून तिथं बॉलपेनातली स्प्रिंग बसवायच्या आणि म्हणायच्या, "हा स्टेंट. आता परत मिटणार नाही." खरा स्टेंट जाळीचा असतो हेही सांगायच्या. ह्या स्प्रिंगांपायी हॉस्पिटलातलं एकही बॉलपेन धड राहिलं नव्हतं. मोठे डॉक्टर सही करायला पेन दाबायचे, ते दाबलेलंच राहायचं, आणि डॉक्टर जिन्याच्या दिशेनं बघून सुस्कारा सोडायचे.

आणि सगळं सांगून झालं की तोंडी परीक्षा. सिस्टर हात मांडीवर ठेवायच्या, चेहरा बापुडवाणा करायच्या आणि म्हणायच्या, "आता मी तुमची आत्या. घाबरलेय. मला काही कळत नाही. मला समजावून सांगा." भलेभले पुरुष आधी लाजायचे, मग सांगायला लागायचे. सांगता सांगता त्यांचा स्वतःचा आवाज ठीक व्हायचा. चुकलं की आत्या अडवायची आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा. वरून लॅबचे फोन येत राहायचे. "आत्या नापास करतेय, थांबा," असं सांगून त्या फोन ठेवून द्यायच्या.

त्या लेंग्याचा मालक मात्र आम्ही कुणी पाहिला नव्हता. सिस्टरांचे यजमान, दामोदर काका. अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांचा लेंगा सगळ्या हॉस्पिटलाला पाठ होता, पण त्यांनी कधी आमच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. मी टाकणारही नाही, असं ते म्हणायचे म्हणे. पुढे ह्याच म्हणण्यानं सिस्टरांचा जीव टांगणीला लावला.

त्याआधी हरेशभाईंबद्दल सांगायला हवं. जीन्सची बटणं आणि चेनी विकणारे हे सिंधी गृहस्थ उल्हासनगरच्या घराघरांतल्या कारखान्यांत ऑर्डरी घेत फिरायचे. सिस्टरांच्या हाताखालून ते अँजिओप्लास्टी करून आले, आत्येच्या परीक्षेत पहिल्या फेरीत पास झाले, पण नंतर बीपी काही खाली येईना. गोळ्या वेळेवर, चालणं रोज, आणि मीठ? "सिस्टर, खाने में तो नमक नाहीच आहे! बहूला विचारा!" सुनेनंही शपथेवर सांगितलं.

सिस्टर मला म्हणाल्या, "ऊठ. बाजारात जाऊ." त्यांचे ते गुडघे घेऊन आम्ही एका सकाळी हरेशभाईंबरोबर गल्लीबोळांतून निघालो. पहिल्या घरात बसलो. त्यांच्या रिवाजाप्रमाणे पाहुण्याला पाणी आलं, आणि पाण्याबरोबर ताटलीत भाजलेला पापड. हरेशभाईंनी बोलता बोलता तो संपवला. दुसऱ्या घरात पाणी आणि पापड. तिसऱ्या घरात तेच. जेवणाच्या वेळेपर्यंत मी मोजणं सोडून दिलं होतं. सिस्टर रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हरेशभाई, हे काय चाललंय?"

"काय?" ते खरोखर बुचकळ्यात पडले. "अरे, पापड खाना थोडी है, सिस्टर! वो तो पाणी के साथ येतो!"

पापड नाकारला तर यजमानाचा अपमान, ऑर्डर जाईल ती वेगळीच. सिस्टर तिथंच एका ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "ताटली हातात घ्या. नखाएवढा तुकडा मोडा, खा, आणि 'वा, पापड एक नंबर' असं मोठ्यानं म्हणा. उरलेला घरातल्या पोराला द्या. मान राखायला नखाएवढा पुरतो." हरेशभाईंनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे गल्लीतली पोरं त्यांची वाट बघायला लागली. बीपी उतरलं. तेव्हापासून ते तपासणीला आले की सिस्टरांना वाकून नमस्कार करायचे आणि उठताना दर वेळी जिन्याला डोकं आपटायचे.

सिस्टरांची आणखी एक रीत होती, ती एका आजोबांपासून सुरू झाली. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरचे शेतकरी, अँजिओग्राफीला आलेले. लेंगा झाला, परीक्षा झाली, सगळं मान्य. वर गेले तर तिथल्या नर्सनं कात्री काढली, कारण उजव्या मनगटावर काळा दोरा होता आणि मनगट मोकळं हवं होतं. आजोबा तडक खाली आले आणि आजीला म्हणाले, "चल गो घरा. दोरा कापाचा नाय. देवीचा हाय तो."

सिस्टरांनी त्यांना अडवलं नाही. "बरोबर आहे, कापायचाच नाही," म्हणाल्या. मग लेंग्याची पिन घेऊन त्या दोऱ्याची गाठ सोडवत बसल्या. जुनी, घामानं घट्ट झालेली गाठ. लॅबमधून दोन फोन येऊन गेले. गाठ सुटली तेव्हा सिस्टरांनी तो दोरा आजींच्या उजव्या मनगटावर बांधला. "आजोबा आत असेपर्यंत तुम्ही सांभाळा. बाहेर आले की पहिलं काम, त्यांचं त्यांना परत." आजोबा गुपचूप वर गेले. आजी मनगट दुसऱ्या हातानं धरून दीड तास बाकावर बसून होत्या. बाहेर आल्यावर गाठ सिस्टरांनीच बांधली, डाव्या हाताला. त्यानंतर मनगटावरून जे काही उतरेल, दोरा, कडं, घड्याळ, ते बाहेर थांबणाऱ्याच्या हातावर चढवायचं, असा जिन्याखालचा नियमच झाला. सिस्टर स्वतः बुद्धविहारात जाणाऱ्या, दोरेगंडे न मानणाऱ्या. मी एकदा त्यावरून छेडलं, तर म्हणाल्या, "मी दोरा कुठं मानते? मी आजीला मानते."

अशा ह्या बाईंचं कुणी ऐकलं नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग एका सकाळी त्या आल्या आणि लेंगा न काढता नुसत्या बसून राहिल्या.

दामोदर काकांना जिना चढताना छातीत भरून येत होतं. सिस्टरांनी त्यांना अंबरनाथच्याच एका डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, अँजिओग्राफी लवकर करा, असं त्यांनी सांगितलं. काका म्हणाले, नाही करणार. पंधरा दिवस झाले, त्यांचं एकच उत्तर. सिस्टरांनी घरी लेंगा नेला नव्हता, पण बाकी सगळे उपाय करून झाले होते.

"काय म्हणतात पण ते?" मी विचारलं.

"म्हणतात, 'तूच सांगितलंस की सगळं.' खरंच आहे. इतकी वर्षं जेवताना मी काय बोलले? आज एकाच्या हाताला सूज आली. आज एकाचं रक्त थांबेना. आज एकाला आतच झटका आला. जे नीट झाले त्यांचं काय सांगायचं असतं? ते घरी गेले. जे अडले तेच मी घरी नेले, पोरी. त्यांनी माझ्याकडून फक्त तेवढंच ऐकलंय." त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. मी औषधाचं एक झाकण उगाच पुसत राहिले.

हे सगळं जिन्यापलीकडे उभ्या हरेशभाईंनी ऐकलं. ते तपासणीला आले होते. एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, त्या दिवशी न बोलता निघून गेला.

पुढच्या रविवारी ते अंबरनाथला सिस्टरांच्या घरी हजर झाले. हा प्रसंग मला सिस्टरांनी सोमवारी जिन्याखाली उभं राहून करून दाखवला. हरेशभाई आले, "जय भीम, साहेब" म्हणाले, खुर्चीत बसले. सिस्टरांनी पाणी दिलं. त्यांनी रिकाम्या ताटलीकडे पाहून "यहाँ पापड नाही, वा!" केलं. मग शर्टाची बाही वर सारली आणि उजवं मनगट काकांपुढे धरलं.

"साहेब, इधरसे तार गेली, दिलपर्यंत. स्प्रिंग बसवून आली. आता तुम्ही भोक शोधून दाखवा."

काका कारखान्यात तपासनीस होते. माल नीट बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही पास केलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला. मनगट खिडकीशी नेलं. उलटंसुलटं केलं. दुसरं मनगट मागून घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. शेवटी म्हणाले, "काही दिसत नाही."

"मग सिस्टर हे का नाही सांगत?" हरेशभाई म्हणाले. "क्योंकी हम लोग घर चले गये ना, साहेब. हमारी स्टोरी में कुछ है ही नहीं. तुम्ही पण चला, करा, घरी या. तुमची पण स्टोरी नको."

काका बायकोकडे वळून म्हणाले, "किती वाजता जायचं असतं?"

आणि ते आले. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर कारखान्यानं निरोपाला दिलेलं मोठं स्टीलचं घड्याळ. पहिल्याच पावलाला कपाळाला जिना लागला. सिस्टर त्या दिवशी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, नातेवाइकाच्या स्टुलावर बसल्या. "घरच्यानं सांगायचं नाही. सांगायचं तू," असं त्यांनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं. मी कपाट उघडलं आणि लेंगा टेबलावर पसरला.

काकांनी तो पाहिला. हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "हा माझा लेंगा."

त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं.

"हा मी किती शोधला! तू म्हणालीस, दोरीवरून वाऱ्यानं गेला!"

सिस्टर जमिनीकडे बघत राहिल्या. मी हसू दाबत नाडा आणि पिन काकांच्या हाती दिली. काकांनी स्वतःच्याच लेंग्यात असा सफाईदार नाडा घातला की त्या नेफ्यानं इतक्या पेशंटांत तसा पाहिला नसेल. आवळलेली जागा आली तेव्हा ते थांबले, बोटानं चाचपली, म्हणाले, "इथं अडलंय. म्हणजे हे माझं आहे का?" मी म्हटलं, "असेलच असं नाही. तेच बघायचंय." मग परीक्षा. मी आत्या व्हायला संकोचले, पण त्यांनी सगळं न चुकता सांगितलं.

ते वर जायला उठले. मी घड्याळ उतरवून घेतलं आणि सिस्टरांच्या हातावर चढवलं. पट्टा इतका सैल की ते मनगटावरून खाली घसरलं आणि थेट कोपराशी येऊन थांबलं. काका जिना चढून न जाता लिफ्टनं गेले. लिफ्टचं दार मिटलं.

नियमाप्रमाणे नातेवाइकाचीही परीक्षा असते. मी म्हटलं, "सिस्टर, आता तुम्ही सांगा. आत काय होणार आहे?"

त्यांनी तोंड उघडलं. "मनगटाशी..." म्हणाल्या आणि थांबल्या. हजार वेळा सांगितलेलं ते पुढचं वाक्य त्यांना आठवेना. त्यांनी टेबलावरच्या लेंग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात मांडीवर होते, चेहरा अगदी तसाच, पण ह्या वेळी तो त्यांनी केलेला नव्हता.

"मला काही कळत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "घाबरलेय. मला पुन्हा सांग."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. मनगट, नळी, औषध, पडदा. त्या मान डोलावत एकेक शब्द ऐकत होत्या. संपलं की म्हणायच्या, "पुन्हा." मी चार वेळा सांगितलं. मधे वरून फोन आला, एका ठिकाणी अडलंय, स्टेंट घालतोय, सहीला या. त्या सही करून आल्या आणि स्टुलावर बसून म्हणाल्या, "आता स्प्रिंगचं सांग."

काका बाहेर आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "किती वाजले?" सिस्टरांच्या हातावर घड्याळ होतं आणि इतका वेळ त्यांनी एकदाही ते पाहिलं नव्हतं. त्या नुसत्या हसत, रडत उभ्या राहिल्या. वेळ मीच सांगितली.

ह्याला आता दोन वर्षं झाली. सिस्टर रिटायर झाल्या, जिन्याखाली आता मी बसते. लेंगा काकांनी परत मागितला नाही, उलट सिस्टरांच्या निरोपाला त्याच पट्ट्यांचा एक जुना लेंगा 'स्पेअर' म्हणून आणून दिला. आम्ही फोनवर बोलतो, पण भेट होत नव्हती. परवा रविवारी सकाळी बदलापूर स्टेशनबाहेर, चामटोलीच्या बायकांच्या टोपल्यांपाशी, दोघं दिसले. काका चार पावलं पुढे, हातात पिशवी. सिस्टर मागे, शेवग्याच्या पाल्याची जुडी निवडत. बाही जरा वर सरकली आणि मला ते मोठं स्टीलचं घड्याळ दिसलं, कोपराशी घसरलेलं.

"सिस्टर," मी म्हटलं, "बाहेर आले की पहिलं काम, त्यांचं त्यांना परत. नियम तुमचाच."

त्यांनी चोरी पकडल्यासारखी बाही खाली ओढली. "अजून तपासण्या चालू आहेत ना त्यांच्या," त्या म्हणाल्या. "राहू दे थोडे दिवस माझ्याकडे."

तेवढ्यात पुढून काकांची हाक आली, "अगं, किती वाजले?" सिस्टरांनी घड्याळ मनगटाशी खेचून आणलं, नीट पाहिलं आणि मोठ्यानं वेळ सांगितली. काका आपल्या रिकाम्या मनगटाला हात लावत पिशवी घेऊन तिथंच उभे राहिले, त्या जवळ येईपर्यंत.